मदत हवी आहे : स्वतःची गाडी घेऊ की कंपनीतच राहू?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. अकरा वर्षं एका ट्रान्सपोर्टच्या दहाचाकी ट्रकवर ड्रायव्हर आहे. शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) भरायचं, पुणे-बेंगळुरू हायवेने खाली करून यायचं. पगार आणि भत्ता मिळून महिना २६ हजार पडतात. टायर फुटला तरी खर्च मालकाचा, एवढी झोप शांत लागते.

आता ओळखीतल्या एकाची बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांतली) दहाचाकी विकायला आहे. २८.५ टन पासिंग (गाडी आणि माल मिळून परवानगीचं वजन), नॅशनल परमिट. गाडी माझ्या हाताखालून गेलीय. इंजिन चांगलं आहे, पण मागचे चार टायर झिजून गोटा झालेत. हप्ता ४२ हजारांच्या आसपास बसेल. गाडीला आठ वर्षं पूर्ण झाली की फिटनेस तपासणी दरवर्षी, तोही खर्च धरलाय.

खरी भीती परतीच्या मालाची. जाताना कास्टिंग मिळेल, पण येताना दोन-दोन दिवस गाडी उभी राहिली तर? डिझेल आणि टोल रोख, भाडं मात्र बिल्टी (मालाची पावती) जमा केल्यावर महिन्याने. मधले दिवस कसे काढता? गुळाच्या हंगामात मार्केट यार्डातून माल मिळतो, पण तो काही महिनेच.

बायको म्हणते, "घ्या, पण घर गहाण ठेवू नका." मलाही ते पटतं.

ज्यांनी नोकरी सोडून एकच गाडी घेतली, त्यांनी कृपया सांगा : हप्ता सुरू करताना हातात किती महिन्यांचे पैसे ठेवले होते? आणि बेंगळुरूहून परतीचा माल कायमचा कसा बांधला? रविवारपर्यंत गाडी विकणाऱ्याला उत्तर द्यायचंय.