बागेतला लाल टोपीवाला बुटका भट्टीत फुटला, काय चुकलं असेल?

गच्चीवरची बाग (प्रतापनगर, नागपूर)
नातवानं जर्मन बागेतल्या बुटक्याचा फोटो दाखवला नि ‘आजी, असाच कर’ म्हणून हट्ट धरला. वीतभर उंच केला, दाढी, टोपी, सगळं हातानं. आठ दिवस सावलीत वाळवून ओळखीच्या कुंभाराकडे भाजायला दिला, तर पोट फुटलं आणि टोपीचा शेंडा वेगळा झाला. खूप वाईट वाटलं. शिवाय नातू विचारतो, हा बुटका कोण? काय सांगू?

मातीकाम
ताई, पोट भरीव ठेवलं होतं ना? तिथंच घात झाला. आतली ओल आच लागताच वाफ होते, आणि वाट मिळाली नाही की फोडून निघते. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात तर वरून खडखडीत वाळलेली मूर्ती आतून ओलीच असते. मी गालाला लावून बघतो. गार लागली की अजून ठेवायची.

माती चामड्याइतकी घट्ट झाली की कमरेतून तारेनं कापा आणि चमच्यानं पोखरून भिंत बोटभर जाड ठेवा. काप ओरखडून पातळ चिखलानं जोडा. बुडाला भोक हवंच. शेंडा बारीक, तो आधी वाळतो आणि आकसतो, म्हणून त्याला ओलसर फडकं गुंडाळून ठेवायचं. आपल्या मूर्तिकारांच्या चितार ओळीतले मातीचे गणपती भरीव चालतात, कारण ते भाजतच नाहीत.

नातवाला सांगा, हा जमिनीखालचा राखणदार. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या वैद्यानं लिहिलं, की आपण हवेतून चालतो तसे हे जमिनीतून चालतात. १८४७ साली सर चार्ल्स इशम यांनी न्यूरेंबर्गहून असे २१ मातीचे बुटके इंग्लंडला लॅम्पोर्ट हॉलच्या बागेत नेले. त्यातला एकच उरलाय, लॅम्पी. भाजलेल्या मातीचा! नीट भाजलेली माती किती टिकते बघा. पुढं जर्मनीत ग्रेफेनरोडा गावानं तर यांचे कारखानेच काढले.

सावनेरकर
माझे वडील कोळसा खाणीत होते, म्हणून मला हा विषय जवळचा. जर्मन खाणकामगार ‘कोबोल्ड’ नावाच्या खोडकर बुटक्याला मानायचे. चांदीसारखं दिसणारं खनिज भट्टीत घातलं की धातू निघायचा नाही, विषारी धूर मात्र निघायचा. ही कोबोल्डचीच करणी म्हणत. त्यावरून धातूचं नाव पडलं कोबाल्ट.

मातीकाम
वा! भाऊ, माझ्या निळ्या ग्लेझच्या (भाजल्यावर काचेसारखा चकाकणारा लेप) डब्यात तोच कोबाल्ट आहे. इतकी वर्षं वापरतोय, आणि त्या नावात हा बुटका बसलाय हे आज कळलं. ताई, याच्या डोळ्यांना तोच निळा लावा. चिमूटभर पुरतो, जास्त झाला तर काळाच दिसतो.

गच्चीवरची बाग
उद्याच माती मळते. दाढीच्या रेषा कशानं काढता?

मातीकाम
तुटक्या कंगव्यानं. माती थोडी आवळली की काढा, ओली असताना काढली तर कडा उचलतात.