'स्पॉन्सर्ड अकॅडमी'ला मराठीत काय म्हणावं?

सुटसुटीत
इंग्लंडच्या शाळांवरचा एक लांबलचक लेख एका अंकासाठी मराठीत आणतेय. ईशान्य इंग्लंडमधल्या मिडल्सब्रोची गोष्ट आहे. 2002 आणि 2003 मध्ये तिथल्या काही माध्यमिक शाळा बंद झाल्या आणि त्यांच्या जागी 'स्पॉन्सर्ड अकॅडमी' आल्या. माझा पहिला खर्डा असा: "वंचित शहरातील धडपडणाऱ्या माध्यमिक शाळांच्या जागी प्रायोजित अकादमी आल्या." वाक्य व्याकरणात बसतं, पण वाचून काहीच कळत नाही. 'अकादमी' म्हटलं की साहित्य अकादमी आठवते आणि 'अकॅडमी' म्हटलं की पोलीस भरतीचा क्लास. 'प्रायोजित'मुळे तर शाळेच्या भिंतीवर बनियनची जाहिरात असेल असं वाटतं. काय करू?

कोशकीटक
'धडपडणाऱ्या' आधी काढा. मराठीत धडपड्या माणूस म्हणजे कौतुकाचा माणूस. तुमचं वाक्य वाचून वाटेल, बिचाऱ्या इतकी धडपड करत होत्या तरी बंद का केल्या? मूळ शब्दाचा रोख 'जेमतेम तग धरून असलेल्या' असा आहे. ढेपाळलेल्या, डबघाईला आलेल्या, पिछाडीच्या, यांतला कुठलाही चालेल. मी 'ढेपाळलेल्या' घेईन. 'डबघाई' म्हटलं की पैशाचा वास येतो, आणि इथे रड निकालांची होती, पटाची होती.

'नापास शाळा' मात्र टाळा. तिकडे ऑफस्टेड नावाची तपासणी यंत्रणा आहे. तिने एखादी शाळा 'स्पेशल मेझर्स'मध्ये टाकली की तो अधिकृत ठपका असतो. ढेपाळलेली प्रत्येक शाळा ठपका बसलेली असेलच असं नाही.

पदर_खोचून
'वंचित शहर' पण नको. आपल्याकडे 'वंचित' हा शब्द आता एका विशिष्ट राजकारणाचा आणि समाजघटकांचा आहे. 'मागास'ची तीच गत, लगेच प्रवर्ग आठवतो.

टीसाइडकर
पंधराएक वर्षं याच भागात राहते, म्हणून जरा लांबड लावते.

मिडल्सब्रो हे लोखंडावर उभं राहिलेलं शहर. सिडनीच्या बंदरावरचा प्रसिद्ध कमानी पूल बांधणारी डॉर्मन लाँग ही कंपनी इथलीच. पुढे हळूहळू सगळं आटत गेलं. शेजारच्या रेडकारचा पोलाद कारखाना काही काळ टाटांकडेही होता (कोरस कंपनी 2007 मध्ये त्यांनी घेतली, त्यासोबत आला), मग त्यांनी तो विकला आणि 2015 मध्ये तो कायमचा थंडावला. इंग्लंडमध्ये भाग किती हलाखीत आहे हे मोजायचा सरकारी निर्देशांक असतो. 2015 आणि 2019 या दोन्ही वेळी, देशातल्या सर्वांत हलाखीच्या दहा टक्के वस्त्यांत ज्याच्या सर्वाधिक वस्त्या मोडतात असं शहर मिडल्सब्रोच होतं. जवळजवळ निम्म्या वस्त्या. म्हणजे 'डिप्राइव्ह्ड' हे इथे विशेषण कमी आणि मोजमाप जास्त आहे. मी 'हलाखीचं शहर' म्हणेन. 'उतरती कळा लागलेलं' कानाला बरं वाटतं, पण त्यात घरातली गरिबी दिसत नाही, फक्त बंद गिरण्या दिसतात.

एक गंमत. पहिल्या अकॅडमीचं नाव होतं 'युनिटी सिटी अकॅडमी', आणि मिडल्सब्रोला 'सिटी'चा अधिकृत दर्जाच नाही! 2022 मध्ये राणीच्या कारकिर्दीला सत्तर वर्षं झाली तेव्हा अर्ज केला होता, तेव्हाही तो मिळाला नाही. नावातला 'सिटी' योजनेतून आला. मार्च 2000 मध्ये शिक्षणमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांनी जाहीर केली ती 'सिटी अकॅडमी' योजना. 2002 च्या कायद्याने त्यातला 'सिटी' गळाला, तरी पाट्यांवर काही ठिकाणी राहिला.

सुटसुटीत
टीसाइडकर, अगदी हेच हवं होतं. मग ही 'अकॅडमी' नक्की कसली? खाजगी की सरकारी? लेखात एकदा 'स्वतंत्र' म्हटलंय, एकदा 'सरकारी पैशावर चालणारी' म्हटलंय.

टीसाइडकर
दोन्ही बरोबर. फी नाही. पैसा थेट लंडनच्या शिक्षण खात्याकडून, करारानुसार. स्थानिक कौन्सिलचा तिच्यावर ताबा नाही. मूळ योजनेत शिक्षकांचे पगार, राष्ट्रीय अभ्यासक्रम, शाळेच्या वेळा या बाबतींत बरीच मोकळीक. प्रवेशाचे नियम मात्र इतर सरकारी शाळांसारखे पाळावे लागतात.

'अकॅडमी' हा शब्द या अर्थाने इंग्लंडात नवा. स्कॉटलंडमध्ये मात्र साध्या सरकारी माध्यमिक शाळांना पिढ्यान्‌पिढ्या 'अकॅडमी' म्हणतात, आणि तिथे ही योजना मुळात लागूच नाही. लेखात चुकून 'ब्रिटनमधील अकॅडम्या' असं लिहू नका. इंग्लंडच लिहा.

माजी_मुख्याध्यापक
नमस्कार. आयुष्य अनुदानित शाळेत गेलं, म्हणून बोलतो. टीसाइडकर ताईंनी जे वर्णन केलं त्याला आपल्याकडे शब्द आहे आणि तो रोजच्या बोलण्यात आहे: *संस्थेची शाळा*. पैसा सरकारचा, चालवणार संस्था. महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजावायला 'प्रायोजित' कशाला हवं? "ती जिल्हा परिषदेची नाही, संस्थेची आहे" एवढं म्हटलं की खेड्यातल्या आजीलाही कळतं कोणाच्या हातात काय आहे ते.

लेखात 'गव्हर्नर' येत असतील. त्याचं भाषांतर 'राज्यपाल' करू नका, हे हसण्यावारी नेऊ नका, मी असं छापलेलं पाहिलंय. आपल्या 1981 च्या खाजगी शाळा नियमावलीत 'शाळा समिती' आहे: चार प्रतिनिधी व्यवस्थापनाचे, एक शिक्षक, एक मुख्याध्यापक. बहुमत कोणाचं ते मोजून घ्या.

टीसाइडकर
सर, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत! सुरुवातीच्या अकॅडम्यांत स्पॉन्सरला शाळा समितीचे बहुसंख्य सदस्य नेमण्याचा हक्क होता. बदल्यात त्याने काय द्यायचं? इमारतीच्या खर्चाच्या दहा टक्के, आणि तेही जास्तीत जास्त 20 लाख पौंड. बाकीचे कोट्यवधी सरकारचे.

पदर_खोचून
म्हणजे दहा टक्क्यांत अध्यक्षपद. स्वस्त आहे.

कोशकीटक
म्हणूनच 'प्रायोजक' चुकतो. हा शब्द आपल्या कानात दूरदर्शनच्या काळात बसला: "या कार्यक्रमाचे प्रायोजक आहेत…" प्रायोजक पैसे देतो, नाव झळकवतो आणि बाजूला होतो. कथा कोणी लिहायची, नट कोण हे तो ठरवत नाही, निदान पडद्यावर तरी. अकॅडमीचा स्पॉन्सर उलटा: पैसा थोडा, हात पूर्ण आत.

'देणगीदार' म्हणावं तर देणगीदाराचं नाव संगमरवरी पाटीवर लागतं, मुख्याध्यापकाच्या नेमणुकीत त्याला विचारत नाहीत (विचारू नये, असं म्हणू या). 'पुरस्कर्ता' विचारांचा असतो. 'पालकसंस्था' बरा वाटतो, पण तो आधीच 'पॅरेंट कंपनी'साठी अडकलाय, शिवाय पालकमंत्र्यांची आठवण येऊन वाचक दचकेल.

नवा_सदस्य_पुणे
'दत्तक' का नको? महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर 2023 मध्ये 'दत्तक शाळा योजना' काढली होतीच की. शब्द तयार आहे, वापरा.

माजी_मुख्याध्यापक
नको. त्या योजनेत कंपनी वा दाता ठरावीक वर्षांसाठी शाळेला मदत करतो, ठरावीक रकमेपुढे शाळेच्या नावाला आपलं नाव जोडू शकतो. शाळा जिथल्या तिथे राहते, शिक्षक आणि व्यवस्थापन सरकारचंच. मिडल्सब्रोत शाळा *बंद* झाली आणि नवी *उघडली*. दत्तक घेताना मूल बदलत नाही हो.

टीसाइडकर
हा 'बंद आणि उघडली'चा मुद्दा कागदोपत्रीही खरा आहे. युनिटीसाठी लँगबार्फ आणि केल्डहोम या दोन शाळा एकत्र आल्या, नवी पाटी लागली. नव्या शाळेला नवा नोंदणी क्रमांक मिळतो, आपल्या यू-डायस क्रमांकासारखा, आणि जुन्या तपासणीचे शेरे तिच्या नावावर येत नाहीत. शिक्षक कायद्याने जुन्या सेवाशर्तींसह नव्या मालकाकडे जातात. मुलंही बहुतेक तीच. तरी पालकांना सांगताना 'नवी शाळा'. मूळ लेखातलं क्रियापद 'रिप्लेस' आहे ना? त्याला 'जागी आल्या' पुरेसं आहे. 'रूपांतर' मात्र लिहू नका. 'कन्व्हर्टर अकॅडमी' हा 2010 नंतरचा वेगळाच प्रकार आहे. त्यात बऱ्यापैकी चाललेल्या शाळा स्वतःहून अकॅडमी होतात, त्यांना स्पॉन्सर लागत नाही. ते 'रूपांतर'. आपला विषय तो नाही.

सुटसुटीत
हे फार मोलाचं. मी पुढच्या परिच्छेदात 'रूपांतरित' लिहूनही ठेवलं होतं, खोडते. अजून एक: स्पॉन्सर म्हणजे व्यापारी असं लेखात एका ठिकाणी दिसतं, आणि दुसरीकडे विद्यापीठ. दोघांना एकच शब्द चालेल?

टीसाइडकर
इथे काळ बघायला लागेल. युनिटीची स्पॉन्सर होती एमी, बांधकाम आणि सेवांची कंत्राटं घेणारी कंपनी. 2003 मध्ये इथेच उघडलेल्या किंग्ज अकॅडमीमागे पीटर वार्डी, मोटारविक्रीचे मोठे व्यापारी, ख्रिश्चन श्रद्धेचे. गेट्सहेडच्या त्यांच्या आधीच्या शाळेत उत्पत्तीची बायबलमधली कथा विज्ञानाच्या बरोबरीने ठेवली जाते का, यावरून 2002 मध्ये मोठा गदारोळ झाला होता. म्हणून किंग्जच्या वेळी प्रश्न पैशाचा कमी आणि 'संस्कार कोणाचे' हा जास्त होता. पुढे विद्यापीठांसारख्यांना ती 20 लाखांची अट माफ झाली. हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या अशाच हलाखीच्या गावात 2011 मध्ये दोन अकॅडम्या उघडल्या, त्यांचं स्पॉन्सर ब्रायटन विद्यापीठ. आता तर बहुतेक वेळा स्पॉन्सर म्हणजे अनेक शाळा चालवणारा ट्रस्ट. तो देणगी देत नाही, शाळा *घेतो*.

माजी_मुख्याध्यापक
म्हणजे संस्थाचालक. मी म्हटलं ना!

कोशकीटक
सर, तुमच्या शब्दाला माझं जवळजवळ पूर्ण मत, पण एक अडचण. आपल्याकडच्या जुन्या संस्था, समजा 1919 ची रयत, जिथे शाळा नव्हती तिथे शाळा घेऊन गेल्या. लोकांनी धान्य दिलं, जागा दिली, मग अनुदान आलं. इंग्लंडात उलट्या बाजूने: सरकारी शाळा होती, ती सरकारने उचलून संस्थेच्या ओटीत घातली. नुसतं 'संस्थेची शाळा' लिहिलं तर वाचकाच्या मनात कर्मवीर येतील आणि लेखातला सगळा वाद त्याला अनाकलनीय वाटेल. एवढ्या चांगल्या गोष्टीला विरोध का करतायत लोक?

म्हणून सुचवतो: पहिल्यांदा 'अकॅडमी शाळा (सरकारी पैशावर चालणारी, पण कौन्सिलऐवजी बाहेरच्या संस्थेच्या ताब्यातली)'. नंतर फक्त 'अकॅडमी'. स्पॉन्सरला 'चालक', आणि 2002 ते 2007 च्या संदर्भात, जिथे पैसे मोजले होते तिथे, 'देणगीदार-चालक'. 'चालक' वाचून कोणी बसचा ड्रायव्हर समजणार नाही, संदर्भ सांभाळून घेईल.

पदर_खोचून
'अकॅडमी शाळा' आवडलं. 'शाळा' जोडली की भरतीचे क्लास आपोआप बाजूला होतात.

सुटसुटीत
'देणगीदार-चालक' माझ्या संपादकांना जड वाटेल, पण भांडेन. लेखात पुढे "बॉग-स्टँडर्ड कॉम्प्रिहेन्सिव्ह" असं आहे. हे काय? दलदल?

कोशकीटक
दलदल नाही. 'बॉग-स्टँडर्ड' म्हणजे अगदी सामान्य, कसलंही वैशिष्ट्य नसलेलं. फेब्रुवारी 2001 मध्ये पंतप्रधान ब्लेअर यांचे प्रवक्ते ॲलेस्टर कॅम्पबेल म्हणाले की अशा शाळांचे दिवस संपले. शिक्षक खवळले, आणि योग्यच खवळले. मराठीत 'सरधोपट शाळा'. 'सुमार' म्हणाल तर दर्जावर बोट येईल. 'सरधोपट'मध्ये फक्त साचा येतो, हिणवणं आहेच. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' म्हणजे प्रवेशपरीक्षा न घेता सगळ्यांना घेणारी, 'सर्वांसाठीची शाळा'.

नवा_सदस्य_पुणे
शब्द राहू द्या, पण उपयोग झाला का त्या अकॅडम्यांचा? शेवटी महत्त्वाचं तेच ना.

टीसाइडकर
युनिटी 2005 मध्ये ऑफस्टेडच्या तपासणीत सपशेल आपटली. ज्या अकॅडम्यांना औषध म्हणून आणलं, त्यांतलीच एक 'स्पेशल मेझर्स'मध्ये. पुढे तिचे चालक बदलत गेले, आणि आज ती आउटवूड अकॅडमी ऑर्म्सबी या नावाने दुसऱ्याच ट्रस्टकडे आहे. एकाच आवारातल्या मुलांनी तीन पाट्या पाहिल्या.

सुरुवातीच्या वर्षांत इथल्या अकॅडम्यांनी कायमची काढलेली मुलं शहरातल्या इतर शाळांच्या मानाने बरीच जास्त होती. तुमच्या लेखात 'एक्सक्लूजन' येईल. 'वगळणूक' वगैरे लिहू नका. "दाखला हातात दिला" हे त्याचं मराठी. आणि मग ती मुलं शेजारच्या कौन्सिलच्या शाळेत येतात, म्हणजे एकीचा निकाल वर, दुसरीचा खाली.

उलट बाजूला लंडनच्या हॅकनी या गरीब भागातल्या मॉसबर्न अकॅडमीचं उदाहरण सगळे सांगतात. 2009 मध्ये तिच्या पहिल्या तुकडीतल्या 80 टक्क्यांहून जास्त मुलांना शालान्त परीक्षेत पाच चांगल्या श्रेणी मिळाल्या, अशा वस्तीत हे घडलं हे कोणाला पटेना. पण तिच्या जागची जुनी हॅकनी डाउन्स शाळा 1995 मध्ये बंद झाली होती आणि मॉसबर्न 2004 मध्ये उघडली. मध्ये नऊ वर्षं तिथे शाळाच नव्हती. ती एका इयत्तेपासून नव्याने वाढली. मिडल्सब्रोत मात्र शुक्रवारी जुन्या शाळेत असलेला दहावीचा मुलगा सुट्टीनंतर नव्या गणवेशात तिथेच आला. दोन्हीकडे 'रिप्लेस' हेच क्रियापद वापरतात, आणि मग तुलना करतात. मला तरी ती तुलना अप्रामाणिक वाटते.

माजी_मुख्याध्यापक
ताई, एक विचारतो. चालक बदलला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतात का तिकडे? आपल्याकडे समायोजन होतं, नाव शिक्षणाधिकाऱ्यांच्या यादीत, कुठेही पाठवतात.

टीसाइडकर
समायोजन नाही, सर. तशी सरकारी यादी नसते. ट्रस्टने पदं कमी केली तर भरपाई देऊन मोकळं करतात, नवी नोकरी आपली आपण शोधायची. आणि ट्रस्टच कोसळला तर शाळा दुसऱ्यांना वाटल्या जातात. वेकफील्डच्या एका ट्रस्टने 2017 मध्ये नवं वर्ष सुरू होतं न होतं तोच आपल्या 21 शाळा सोडून देत असल्याचं सांगितलं. त्याला इथे 'रिब्रोकरिंग' म्हणतात.

कोशकीटक
'हस्तांतरण'. दलाली हा शब्द कितीही हात शिवशिवले तरी नको.

सुटसुटीत
ठरलं. माझं वाक्य आता: "हलाखीत सापडलेल्या या शहरात ढेपाळलेल्या माध्यमिक शाळा बंद करून त्यांच्या जागी देणगीदार-चालकांच्या हाती दिलेल्या अकॅडमी शाळा उघडण्यात आल्या." लांब आहे, पण कोणी काय केलं ते दिसतं. शेवटचं एक: अनेकवचन 'अकॅडमी' की 'अकॅडम्या'?

पदर_खोचून
अकॅडम्या. वही-वह्या, अकॅडमी-अकॅडम्या. 'अकॅडमीज' लिहिलंत तर मी मुद्रितशोधकाच्या घरी येईन.