बाटली झाकून चाखली नसेल तर गुण कसले?

डाळवाला, जळगाव

अमळनेरकरांनी परवा टाकलेली यादी वाचली. पुण्यात मित्रांसोबत सहा देशांच्या व्हिस्की चाखल्या आणि शंभरपैकी गुण दिले. स्कॉटलंड 94, जपान 92, तैवान 89, आयर्लंड 85, अमेरिका 78, भारत 41. इथवर मी गप्प बसलो असतो. पण शेवटी लिहिलंय, ‘खान्देशातल्या मंडळींनी यात पडू नये, शेवभाजीनं आणि ठेच्यानं त्यांची जीभ कधीच मेली आहे.’ अमळनेरच्या माणसानं हे लिहावं याचा राग आला, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं आयुष्य डाळमिलमध्ये गेलं. तुरीचा नमुना ताटलीत येतो तेव्हा माल कोणाचा, हे पाहणाऱ्याला आम्ही सांगत नाही. ओळखीच्या व्यापाऱ्याचं नाव कानावर पडलं की खडा दिसेनासा होतो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. तुमच्या फोटोत सगळ्या बाटल्यांची लेबलं समोर आहेत. लेबल वाचून दिलेले 94 गुण व्हिस्कीचे की लेबलाचे?

2010 मध्ये बर्न्स नाइटच्या, म्हणजे स्कॉटिश कवी बर्न्स यांच्या जयंतीच्या, निमित्तानं ब्रिटनच्या ‘द टाइम्स’ या दैनिकानं स्कॉटलंडमध्येच झाकून चाखणी घेतली होती. त्यात तैवानची कावालान पहिली आली, स्कॉच मागे पडल्या. तिचा कारखाना सुरू होऊन तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती. नावं दिसत असती तर हा निकाल लागला असता का?

दुसरं. भारताला 41 दिले ते कोणत्या बाटलीला? फोटोत कोपऱ्यात दिसते ती कोपऱ्यावरच्या दुकानातली नेहमीची ब्लेंडेड, म्हणजे मिसळून केलेली. अशा दारूत बऱ्याचदा उसाच्या मळीचा मद्यार्क असतो. युरोपात तशी बाटली व्हिस्की म्हणून विकतासुद्धा येत नाही, कारण तिथे व्हिस्कीला धान्यच लागतं. शेजारी ठेवली स्कॉटलंडची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच कारखान्यातली, फक्त मोड आणलेल्या जवाची. म्हणजे एका देशाची निवडलेली आणि दुसऱ्याची हाताला लागली ती. बेंगळुरूची सिंगल माल्ट अमृत 2004 साली आधी ग्लासगोत विकायला गेली. तिची फ्यूजन व्हिस्की समीक्षक जिम मरे यांच्या 2010 च्या गाइडमध्ये 97 गुणांनी जगात तिसरी होती. ती का नाही ठेवली?

तिसरं, तुम्ही लिहिलं नाहीत पण फोटोत वाचता येतं. एक बाटली 42.8 टक्क्यांची, एक 46 ची, एक 57 च्या वरची. पाणी न घालता जास्त दारू असलेल्या ग्लासाचा वास मोठा येणारच. सगळ्या एका पातळीवर आणल्याशिवाय तुलना होत नाही.

अमळनेरकर, सध्या पुणे

डाळवाले भाऊ, राग समजला. आता ऐका. देशाला गुण द्यायचे तर तो देश रोज जे पितो त्याला द्यायचे. अमृत, पॉल जॉन, इंद्री आपल्याकडे शंभरात किती जण पितात? लग्नात, भरीत पार्टीत, निवडणुकीत जी फिरते तीच भारताची व्हिस्की. तिला 41 दिले हेसुद्धा जास्त झाले.

झाकून चाखण्याबद्दल. स्कॉटलंडच्या आयला बेटाची लाफ्रोएग किंवा आर्डबेग ज्यानं एकदा चाखली त्याला बाटली झाकून काय फरक पडतो? जव पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, धुरावर वाळवलेलं असतं, तो औषधी धूर खोलीत पसरतो. अमेरिकेची बोर्बन आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातली, तिचा व्हॅनिलाचा वास डोळे मिटून ओळखू येतो. कपडा टाकून हे लपत नाही. आणि जिभेबद्दल बोललो ते अनुभवावरून. माझ्याच काकांनी ठेच्याच्या घासावर बारा वर्षांची स्कॉच सोड्यात बुडवून प्यायली आणि विचारलं, ‘यात विशेष काय?’

धुळेकर नाना

मग स्वतःच्या काकांना गुण द्या, सगळ्या खान्देशाला नको.

पुण्यात जानेवारीत गुलाबी थंडीत बसून तुम्ही ‘नीट’, म्हणजे पाणी-बर्फ न घालता, पिता. मे महिन्यात भुसावळला या. 45 अंशात ग्लासात ओतलेली दारू नाकाजवळ नेली की वास यायच्या आधी डोळ्यांतून पाणी येतं, कारण मद्यार्क उडून वर आलेला असतो. म्हणून आमच्याकडे बर्फ लागतो, आणि बर्फ घातला की वास दबतो. हा हवामानाचा प्रश्न आहे, जिभेचा नाही. तो तुमच्या यादीत कुठेच नाही.

आणि किमतीचं कोणी बोलतच नाही! परदेशातून येणाऱ्या बाटलीवर केंद्राची कस्टम ड्यूटी 2025 च्या सुरुवातीपर्यंत 150 टक्के होती, त्यावर राज्याची एक्साइज. ब्रिटनशी जुलै 2025 मध्ये करार झाला, त्यात तिथल्या व्हिस्कीची ड्यूटी आधी 75 वर आणि दहा वर्षांत 40 वर आणायचं ठरलं. त्याच वर्षी जूनमध्ये राज्यानं इथं बनणाऱ्या विदेशी पद्धतीच्या दारूची एक्साइज उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केली. साध्या माणसानं तुलना करायची कशानं? सहा देशांच्या सहा बाटल्या म्हणजे माझ्या पेन्शनचा चुराडा.

फार्मसीवाला, चोपडा

अमळनेरकरांच्या जिभेच्या मुद्द्याला उत्तर देतो, कारण हे रोज मी दुकानात लोकांना समजावतो.

तिखट ही चव नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता आणि वेदना कळवणाऱ्या मज्जातंतूंवर काम करतं. मद्यार्काची जळजळसुद्धा त्याच रिसेप्टरवरून जाणवते. रोज तिखट खाणाऱ्याला जळजळ कमी जाणवू शकते, म्हणजे उलट त्याला कडक दारूमागचं बाकी काही शोधायला सोपं जावं. आणि व्हिस्कीतलं फळ, धूर, मध हे जिभेला कळतच नाही, ते नाकाला कळतं, घशाच्या मागून जाणाऱ्या वाफेतून. सर्दी झालेल्या पुणेकरापेक्षा ठेचा खाणारा जळगावकर बरा.

पाण्याबद्दलही सांगतो. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2017 मध्ये संगणकावर दाखवलं की पाणी घातल्यावर धुराच्या वासाचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतात. स्कॉटलंडमधले ब्लेंडर वास घेतानाच नमुना 20 टक्क्यांच्या आसपास पातळ करतात. तेव्हा ‘नीट’ पिणं म्हणजे जाणकारी हा गैरसमज आहे.

अमळनेरकर, सध्या पुणे

पाण्याचं मान्य. दोन थेंब मीही घालतो. पण दोन थेंब आणि अर्धा ग्लास सोडा यात फरक आहे. ठेच्याच्या घासानंतर लगेच चाखणं चूकच, ते तुमच्या शास्त्रानंही बरोबर ठरत नाही.

भुसावळ जंक्शन

हाई काय बोलनं शे का भो? आपली जीभ मरेल शे म्हने!

मुद्दा वेगळाच मांडतो. अमेरिकेच्या बोर्बनला कायद्यानं किमान 51 टक्के मका लागतो. जळगाव-धुळ्यात मका किती होतो ते सगळ्यांना माहीत आहे. तो जातो कुठे? कोंबड्यांच्या खाद्यात आणि स्टार्चला. भाव पाडून घेतात व्यापारी. शिंजिरो तोरी यांनी 1923 मध्ये जपानात यामाझाकी हा व्हिस्कीचा कारखाना काढला तेव्हा जपानलाही व्हिस्की कोणी शिकवली नव्हती. त्यांचे सहकारी ताकेत्सुरू स्कॉटलंडला जाऊन शिकून आले. आपला एक तरी मुलगा असा का जात नाही? बेंगळुरूच्या उष्णतेत पिंपातून वर्षाला दहा-बारा टक्के उडून जातं, स्कॉटलंडात दोनच. पण त्यामुळे व्हिस्की लवकर मुरते. मग भुसावळचं ऊन आपलं भांडवल का नाही?

एरंडोलची मास्तरीण

बस्स. इतका वेळ वाचत होते.

मक्यापासून दारू ही कल्पना नवी नाही. 2007 मध्ये राज्यानं धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदानाचं धोरण आणलं, त्यावर केवढा गदारोळ झाला होता. दुष्काळी भागात ज्वारी-मका दारूला जाणार का, हा तेव्हाचा प्रश्न होता. तो आजही आहे.

आणि तुम्ही सगळे गुण देताय ते ग्लासाला. माझ्या वर्गात ज्या मुली बसतात त्यांच्यातल्या कितीतरी घरांत संध्याकाळी काय होतं ते मला वहीतल्या अक्षरावरून कळतं. माझ्या बहिणीचं घर यातच गेलं. गावात आडव्या बाटलीसाठी मतदान घ्यायचं ठरलं तेव्हा अर्ध्याहून जास्त बायका मतदानाला याव्यात म्हणून आम्ही घरोघर फिरलो. काही नवऱ्यांनी दाराला बाहेरून कडी लावली. तुमच्या त्या 94 आणि 41 मध्ये याचे गुण कोणी वजा करतं का?

धुळेकर नाना

ताई, तुमचं दुःख खरं आहे, त्यापुढे काही बोलत नाही. पण बंदीनं काय झालं तेही पाहा. चंद्रपुरात 2015 ला बंदी आणली, 2021 ला उठवावी लागली, कारण चोरटी दारू थांबलीच नाही.

एरंडोलची मास्तरीण

गडचिरोलीत 1993 पासून आहे, ती उठवायला तिथल्या बायका तयार नाहीत. नाना, सोयीचा जिल्हा निवडू नका.

सातपुड्याची लेक, नंदुरबार

धान्य आणि मका यावर भांडताय, आणि खान्देशात शेकडो वर्षं गाळली जाणारी एकमेव दारू कोणाच्याच तोंडी आली नाही. मोहाची.

मार्च-एप्रिलमध्ये रात्रभर फुलं गळतात. पहाटे बायका-मुलं टोपल्या घेऊन निघतात, फुलं वेचून वाळवतात. आमच्या भिल्ल-पावरांच्या घरात ती खातातही, विकतातही. दारू गाळली तर पहिले थेंब धरतीला आणि पूर्वजांना, मग पाहुण्यांना. लग्न, होळी, मयत, काहीच त्याशिवाय होत नाही. इंग्रजांनी 1878 चा अबकारी कायदा आणला, मग 1892 मध्ये खास मोहाच्या फुलांवर कायदा केला, कारण लोकांनी घरी गाळली तर सरकारी ठेक्याचं उत्पन्न बुडत होतं. तेव्हापासून आम्ही चोर. स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला तरी आम्ही चोरच. होळीच्या आधी छापा पडतो, हंडा फोडतात, बाईला गाडीत घालतात. माझ्या आजीच्या बाबतीत हे झालंय.

आणि नर्मदेच्या पलीकडे? मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता दिली, आदिवासी बचत गटांना परवाने दिले. अलीराजपूर आमच्यापासून किती लांब आहे? गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांची झाली ओळख, आमची हातभट्टी.

एरंडोलची मास्तरीण

हातभट्टीनं माणसं मेली आहेत, बाई. विषारी दारूच्या बातम्या दरवर्षी येतात.

सातपुड्याची लेक, नंदुरबार

गूळ, नवसागर आणि काय काय घालून शहराच्या कडेला मोहाची म्हणून जी विकतात त्यानं मेली. ती आमची नाही. स्कॉटलंडातही भट्टीची पहिली धार बाजूला काढतात, ती ग्लासात जात नाही. आमच्या म्हाताऱ्या बायकांना ती कधी बाजूला करायची हे वासावरून कळतं. तुमच्याकडे ‘पहिल्या धारेची’ मागणारे शहरातून येतात, पाड्यातून नाही.

अमळनेरकर, सध्या पुणे

हा मुद्दा मला पटला, प्रामाणिकपणे सांगतो. मग असं करू या ना. तुम्ही अस्सल मोहाची अर्धा लिटर पाठवा, पुढच्या बैठकीत तिलाही गुण देतो. काय सांगावं, भारताचे 41 वाढतीलही.

सातपुड्याची लेक, नंदुरबार

पाठवली तर मला अटक होईल, तुम्हाला नाही. एवढं वरचं वाचूनही तुम्हाला फक्त आणखी एक ग्लास दिसला? ओकच्या पिंपात बारा वर्षं ठेवलेल्या दारूशेजारी आठ दिवसांपूर्वी गाळलेली ठेवाल आणि म्हणाल, ‘कच्ची आहे, 38.’ ती मुरवण्यासाठी बनतच नाही. तुमच्या गुणांची मला गरज नाही. परवाना हवाय.

एरंडोलची मास्तरीण

परवान्याला माझा विरोध राहील. पण बाईला गाडीत घालणं चूक आहे, एवढं मी म्हणते. छापे टाकायचे तर शहरातल्या नवसागरवाल्यांवर टाका.

भुसावळ जंक्शन

आणि माझ्या मक्याचं काय?

धुळेकर नाना

मक्याचा वेगळा धागा काढा भाऊ, तिथे मी येतो.

डाळवाला, जळगाव

मूळ मुद्दा वाहून गेला, पण ताईंचं म्हणणं त्याच्यापेक्षा मोठं होतं, म्हणून मध्ये बोललो नाही. आता अमळनेरकरांकडे येतो.

पीट झाकून लपत नाही हे बरोबर. पण म्हणूनच देशाला गुण देणं पटत नाही. आयलाची धुरकट बाटली आणि स्पेसाइडची शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातली गोड बाटली, दोन्ही स्कॉटलंडच्या. त्यांच्यात जेवढं अंतर आहे तेवढं स्पेसाइड आणि जपानच्या शेरी पिंपात नाही. आयर्लंड म्हणजे तीनदा गाळलेली, मऊ, असं तुम्ही लिहिलंत, पण तिथेही पीटवाली कोनेमारा आहे. आणि जपान 92! ती बाटली खरंच जपानात गाळलेली होती का? तिथल्या उत्पादकांच्या संघटनेनं 2021 मध्ये नियम केले, कारण तोवर बाहेरून आणलेली व्हिस्की ‘जपानी’ म्हणून विकली जात होती. जुनी बाटली असेल तर तुम्ही दुसऱ्याच देशाला 92 दिले असतील.

पुन्हा चाखायची तर माझ्या अटी. सगळ्या बाटल्या पाणी घालून 40 टक्क्यांवर आणायच्या. ओतणारा वेगळा, चाखणारे वेगळे. भारताची सिंगल माल्ट आणि स्कॉटलंडची स्वस्त ब्लेंडेडही ठेवायची. आणि एक व्हिस्की दोन वेगवेगळ्या ग्लासांत द्यायची, न सांगता. त्या दोन ग्लासांना ज्याच्या गुणांत दहाचा फरक पडेल त्याची सगळी यादी बाद.

अमळनेरकर, सध्या पुणे

पहिल्या तीन अटी मान्य. सिंगल माल्टचाही खर्च मी करतो. चौथी मान्य नाही. परीक्षा व्हिस्कीची आहे, माझी नाही.

डाळवाला, जळगाव

चौथी काढली तर बाकीच्या तीन माझ्या लेखी रद्द.

फार्मसीवाला, चोपडा

चौथी अटच सगळ्यात शास्त्रीय आहे. मी ओततो. दिवाळीआधी जळगावात, जेवणाआधी, ठेचा नंतर.

अमळनेरकर, सध्या पुणे

जळगावात नको. मध्ये कुठेतरी, नाशिकला. आणि फरक दहा नाही, पंधरा धरा.

डाळवाला, जळगाव

बारा. आणि जळगावलाच.