क्रँक सेन्सर: शोरूमचा घ्यावा की बाहेरचा?

निफाड अप-डाउन:
नमस्कार. गाडी डिझेल, २०१४ ची, १,३८,००० किमी झालेली. मी निफाडला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, राहायला नाशिकच्या इंदिरानगरला. रोज सव्वासहाला निघायचं, जाऊन-येऊन ऐंशी-पंच्याऐंशी किमी होतात.

ऑक्टोबरात ठाण्याहून येताना कसारा घाट चढून वर आलो आणि घाटनदेवीच्या जरा पुढे गाडी चालता चालता बंद पडली. झटका नाही, आवाज नाही. आरपीएमचा काटा धाडकन शून्यावर आणि गाडी मात्र गिअरमध्ये पळतेच आहे. मागे सासूबाई होत्या, त्यांनी तिथूनच देवीला हात जोडले. सेल्फ फिरत होता, पण गाडी उठेना. पाऊण तास बोनेट उघडं टाकून बसलो, मग पहिल्या सेल्फला सुरू. त्या आठवड्यात आणखी दोनदा तसंच झालं. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर पी०३३५ हा कोड, म्हणजे क्रँक सेन्सर, इंजिन कसं फिरतंय ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा. त्यांनी बाहेरचा टाकला, ६५० रुपये. डब्यावर कंपनीचं नावच नाही, नुसतं 'सुटेबल फॉर' आणि पुढे गाडीचं मॉडेल.

तेव्हापासून गाडी रस्त्यात बंद पडलेली नाही, हे कबूल. पण थंडी सुरू झाल्यापासून सकाळी उठत नाही. आठ-दहा वेळा सेल्फ मारावा लागतो. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप दिला की लगेच सुरू होते, आणि एकदा सुरू झाली की दिवसभर तक्रार नाही. गॅरेजवाले आधी बॅटरी म्हणाले, आता हीटर प्लग (थंडीत डिझेल पेटावं म्हणून इंजिन आतून तापवणारे) म्हणताहेत. मला संशय सेन्सरचाच आहे. शोरूमच्या काउंटरवर २,८५० सांगितले. एका स्पेअरवाल्याकडे नामांकित कंपनीचा १,७०० ला आहे.

हा सेन्सर म्हणजे चुंबक आणि तारेचं वेटोळं. चुंबकीय क्षेत्र बदललं की वेटोळ्यात व्होल्टेज निघतं, हा फॅरेडेचा नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. मग ६५० आणि २,८५० मध्ये एवढं काय आहे?

देवळालीकर:
ताई, शोरूमचा घ्या आणि मोकळ्या व्हा. इलेक्ट्रिक सामानात प्रयोग करायचे नसतात. स्पेअरच्या दुकानातली पाटी वाचलीत ना, 'इलेक्ट्रिक सामान परत घेतले जाणार नाही'? ती उगाच लावलेली नसते.

सीएनजीवाला:
शोरूमच हवं असं काही नाही. माझ्या पेट्रोल-सीएनजी गाडीचा ऑक्सिजन सेन्सर गेला होता. काढलेल्या सेन्सरच्या अंगावर डेन्सो आणि नंबर कोरलेला होता. तोच नंबर डेन्सोच्या डब्यात घेतला, शोरूमपेक्षा बराच स्वस्त पडला आणि चार वर्षं झाली, चालू आहे. आधी मात्र मीही माती खाल्ली होती. 'युनिव्हर्सल' म्हणून चार वायरींचा सेन्सर आणला, जुना कपलर (वायरींचा सॉकेट) कापून जोडला आणि पक्कं व्हावं म्हणून वायरींना सोल्डर मारला. डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा महिन्याभरात परत आला.

सेल्फ-डायनमो:
मॅडम, मी भद्रकालीत सेल्फ आणि डायनमोची वाइंडिंग करत शिकलो, आता पंधरा वर्षं अंबडला गाड्यांचं वायरिंग बघतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या फळ्यावरच आहे, पण ते नंतर.

आधी हीटर प्लग बाजूला काढू. पहाटे सेल्फ मारताना सायलेन्सरकडे कुणाला तरी उभं करा. प्लग गेले असतील तर डिझेल आत जातं पण नीट पेटत नाही, पांढरा धूर येतो, वास येतो. क्रँकचा सिग्नल नसेल तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, डिझेल सोडतच नाही, मग धूरही नाही. जोडीला स्कॅनर लावून सेल्फ फिरताना आरपीएम बघा. इंजिन फिरतंय आणि स्क्रीनवर शून्य, तर सेन्सर, त्याची वायर किंवा कपलर, यापलीकडे जाऊ नका.

आता जंपचं. कपलरमध्ये दोनच पिना कामाच्या असतील तर तो वेटोळ्याचा सेन्सर. त्याला बाहेरून करंट लागत नाही. क्रँकसोबत फिरणारी दातांची रिंग समोरून फिरली की त्यातून व्होल्टेज निघतं, आणि रिंग जितकी जोरात फिरेल तितकं जास्त. डिसेंबरात पहाटे ऑइल घट्ट, बॅटरी थंड, सेल्फ मंद फिरतो. सिग्नल आधीच नाजूक असेल तर तेवढ्यात ईसीएमला तो कळतच नाही. जंप दिला, सेल्फ वेगात फिरला, सिग्नल पोचला, गाडी उठली. म्हणून सगळ्यांना बॅटरी वाटते. तीन वायरींचा हॉल सेन्सर असता तर हा खेळ झाला नसता, तो गाडीकडून करंट घेतो आणि हळू फिरलं तरी पूर्ण सिग्नल देतो. (त्याचे ओहम मात्र मोजत बसू नका, त्यात सर्किट असतं, आकड्याला अर्थ नाही.)

मग सिग्नल नाजूक का? मी मेलेले सेन्सर फेकत नाही, टेबलावर हॅक्सॉने कापून बघतो. स्वस्तातल्यांत चुंबक बारीक, भरलेल्या रसायनात बुडबुडे आणि सगळ्यात वाईट म्हणजे लांबी चुकलेली. टोक आणि दात यांच्यातली फट साधारण एक मिलिमीटर असते. टोक अर्धा-पाऊण मिलिमीटर आखूड असेल तर बोल्ट बसतो, कपलर बसतो, सगळं 'सुटेबल'. सिग्नल मात्र पार उतरतो.

जुना ठेवलाय का? असेल तर मल्टिमीटर लावून हेअर ड्रायरने तापवा. ओहम हळूहळू वाढले तर ठीक, तांब्याचा तो धर्मच आहे. मध्येच 'ओएल' (सर्किट तुटलेलं) दाखवलं तर आतली तार गरम झाल्यावर सुटते आणि थंड झाली की परत चिकटते. घाटात तुमचं तेच झालं असावं.

राहिलं शोरूम की बाहेरचं. सेन्सर गाडी कंपनी बनवत नाही हो. बॉश, डेन्सो, डेल्फी, काँटिनेंटल अशांकडून येतात आणि गाडीवाल्याच्या डब्यात जातात. नाशिककराला हे सांगायला नको, सातपूर-अंबडच्या कितीतरी शेडमध्ये दुसऱ्याच्या डब्यात जाणारा माल बनतो. जुन्या सेन्सरच्या अंगावर ज्याचं नाव असेल त्याचाच, त्याच नंबरचा मिळाला तर बिनधास्त बाहेरून घ्या. अंगावर नाव नसेल तर चॅसिस नंबर देऊन शोरूमकडून पार्ट नंबर काढा. एकाच मॉडेलमध्ये वर्षाच्या मध्ये पार्ट बदललेले मी पाहिलेत.

डुप्लिकेट डबे चिक्कार आहेत. नंबर अंगावर कोरलेला हवा, नुसता स्टिकर नको. जीएसटीचं बिल न देणाऱ्याकडून सेन्सर घेऊच नका. आणि कूलंटचा टेंपरेचर सेन्सर असता तर मी तुम्हाला चांगल्या कंपनीचा बाहेरचा घ्या म्हणून एका ओळीत सांगून चहाला गेलो असतो. तो चुकला तर कळायला वेळ मिळतो. क्रँकचा चुकला तर गाडी ट्रकच्या पुढे उभी राहते.

सीएनजीवाले भाऊ, तुमचा दिवा सोल्डरमुळे आला असणार. बऱ्याच ऑक्सिजन सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच मिळते. सोल्डरने ती वाट बुजते. तिथे सोल्डर न मारता पंच करायचं, म्हणजे धातूची नळी दाबून वायरी जोडायच्या असतात.

निफाड अप-डाउन:
जुना सेन्सर डॅशबोर्डच्या कप्प्यात पिशवीत होताच. आज कॉलेजच्या लॅबमध्ये दोन्ही घेऊन बसले. नवा अंबडलाच एकाकडून काढून घेतला होता, गाडी तिथेच ठेवून.

जुना: थंड असताना ८६० ओहम. ड्रायर लावला, ९००, ९५०, १,०१०, आणि एकदम ओएल. फुंकर मारत बसले, चार मिनिटांनी परत आकडा आला. लॅब असिस्टंट म्हणाले, मॅडम, हे तर प्रॅक्टिकलला ठेवा.
६५० वाला: थंड ८४०, तापवल्यावर १,०४०, कुठे तुटला नाही. म्हणजे ओहमच्या परीक्षेत पास. मग व्हर्नियर लावलं. बोल्ट बसतो त्या कानाच्या (पट्टीच्या) खालच्या बाजूपासून टोकापर्यंत जुना २४.१ मिमी, नवा २३.२. तीनदा मोजलं.

सकाळी धूरही नव्हता. मिस्टर मागे उभे होते, त्यांना फक्त थंडी वाजली.

जुन्याच्या अंगावर काजळीखाली नाव आणि दहा आकडी नंबर निघाला. १,७०० वाल्याचं नाव तेच, शेवटचे तीन आकडे मात्र वेगळे आहेत. चालेल का? आणि तोवर ६५० वाल्याचा कान कानशीने घासून तो थोडा आत सरकवला तर?

सेल्फ-डायनमो:
कान घासू नका! थोडं जास्त घासलं गेलं की दात टोकाला लागतो, सेन्सरचं नाक जातं आणि चुरा आत पडतो. नंबर वेगळा असेल तर त्याच कंपनीच्या कॅटलॉगात जुन्याच्या बदली नवा नंबर दिलाय का ते दुकानदाराला दाखवायला सांगा. दिला असेल तर घ्या. नाही दाखवला तर मग देवळालीकर म्हणतात तसं २,८५० द्या, घासाघीस करू नका. बसवताना ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट फिरवा, जुना चुरा पुसून घ्या, चुंबकाला चिकटलेला असतो. कपलरच्या पिना ढिल्या आहेत का तेही बघा.

निफाड अप-डाउन:
कॅटलॉगात नंबर मिळाला. १,७०० चा बसवला, बिलासकट. टोकापर्यंत २४.१ भरला, बसवायच्या आधी मोजला. आज पहाटे गाडीत बाहेरचं तापमान ९ दाखवत होतं. सेल्फ मारला, दुसऱ्या गिरकीला उठली. तसं सलग चार दिवस.

देवळालीकर:
अभिनंदन! म्हणजे बॅटरी वाचली तर.

निफाड अप-डाउन:
बॅटरी नोव्हेंबरातच बदलून झाली होती. ५,२००. घरी कुणी तो विषय काढत नाही.