व्हर्सटाईल अँप: अष्टपैलू, बहुगुणी की आणखी काही?

सहावी तार
मंडळी, अडलोय. एका दिवाळी अंकासाठी गिटारच्या अँपवर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरवर, लेख करतोय. ओळखीच्या गिटारवाल्यांना फेंडर कंपनीच्या डिलक्स रिव्हर्ब या अँपबद्दल विचारलं, सगळे निम्मं इंग्रजी निम्मं मराठी बोलले आणि आता ते छापायचं म्हटल्यावर पहिल्याच वाक्याला गाडी अडकली. प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द, व्हर्सटाईल. मी 'अष्टपैलू ट्यूब कॉम्बो' लिहिलं तर संपादिका म्हणतात अष्टपैलू माणूस असतो, तोही बहुतेक क्रिकेटवाला, तुम्ही 'बहुगुणी' करा. बहुगुणी वाचलं की माझ्या डोळ्यापुढे आवळा येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉम्बो म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात. डिलक्स रिव्हर्ब १९६३चा, २२ वॉट, १२ इंची एकच स्पीकर, शेवटच्या टप्प्याला ६व्ही६ जातीच्या दोन ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या. आवाज कमी ठेवला तर एकदम स्वच्छ वाजतो, नॉब अर्ध्याच्या पुढे नेला की ब्रेकअप सुरू होतो, म्हणजे आवाजाला खरखर यायला लागते, आणि पुढे कुठलंही पेडल (आवाज बदलणारी पायाखालची डबी) लावा, सांभाळून घेतो. म्हणून व्हर्सटाईल. ब्रेकअप, वॉर्म, हेडरूम (किती वाढवला तरी आवाज स्वच्छ राहतो ती मर्यादा) यांनाही शब्द हवेत, पण आधी हा सोडवा.

खडूफळा
संपादिकाबाईंचं उलटं आहे. पैलू मुळात वस्तूलाच असतात, हिऱ्याला पैलू पाडतात, माणसाला ते नंतर चिकटले. 'पैलू' फारसी पहलूवरून आला, अर्थ बाजू, त्याला आपण संस्कृत 'अष्ट' जोडलं. काही लोक याला धेडगुजरी म्हणून नाक मुरडतात, मी नाही मुरडत. तरी माझी पसंती 'चतुरस्र'ला. आणि हात जोडून सांगतो, 'चतुरस्त्र' छापू नका, अस्त्राचा काही संबंध नाही, अस्र म्हणजे कोपरा.

घाटमाथा
सर, चतुरस्र अँप कुणी घेणार नाही ओ. आमच्याकडं कोल्हापुरात सरळ म्हणतात, "कशालाबी लावा, चालतंय." लेखात तेच टाका की. सगळ्यांना कळतंय.

रेवती क.
हरहुन्नरी? हुन्नरही फारसीच. पण तो कामाबद्दल बोलतो, अंगात किती कला आहेत त्याबद्दल. अँप काम करतो, मग त्याला का नको?

मला वेगळीच शंका येतेय. तुम्ही ज्यांना विचारलंत त्या सगळ्यांना व्हर्सटाईलमधून एकच म्हणायचंय का? जॅझवाल्याला स्वच्छ आवाज आणि रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, मिळतो म्हणून तो व्हर्सटाईल. पेडलवाल्याला अँप मध्येमध्ये आपलं घोडं दामटत नाही म्हणून. ब्लूजवाल्याला गिटारचाच नॉब थोडा मागे घेतला की आवाज निवळतो आणि पुढे केला की खरखर येते, हात अँपपर्यंत न्यायलाच नको, म्हणून. ही तीन वेगळी कौतुकं आहेत, एका विशेषणात कोंबली की तिन्ही मरतात. प्रत्येकाचं वेगळं वाक्य करा.

सहावी तार
रेवतीताई, हे पटलं. आणि एकजण उलटही बोलला, की मेटल वाजवायचं तर हा अँप मुळीच पुरत नाही, गेन, म्हणजे खरखर वाढवायची ताकद, कमी पडतो, मग कसला व्हर्सटाईल. त्याच्या मते त्या शब्दाचा मान मेसा बूगी कंपनीच्या मार्क मालिकेतल्या अँपना, तिथे एकाच खोक्यात स्वच्छपासून जळजळीतपर्यंत सगळं आहे. तेही घेणारे मी. आता ब्रेकअपचं बघा. मी तूर्त 'आवाज फाटायला लागतो' लिहिलंय.

सोल्डरवाला
अजिबात लिहू नका. ठाण्यात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, गिऱ्हाईक "आवाज फाटतोय" म्हणत आला की मी पहिला हात स्पीकरच्या कोनला (आतल्या कागदी शंकूला) लावतो, कारण आपल्याकडे फाटणं म्हणजे बिघाड, गणपतीच्या मंडपात स्पीकर फाटतो, लग्नात माईक फाटतो, तो दुरुस्त करायचा असतो. तुमचा वाचक नवीन अँप घेईल आणि आवाज फाटायला लागला की दुकानात परत नेऊन देईल. आणि दुसरं, ट्यूब काय लावलंय सारखं, वडिलांच्या वेळेपासून आम्ही व्हॉल्व्ह म्हणतो, व्हॉल्व्हचा रेडिओ, मर्फीचा कारखाना तर इथेच ठाण्यात होता, बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवायची, त्यांचे जुने व्हॉल्व्ह मी अजून जपून ठेवलेत. ट्यूब म्हटलं की सायकलची नाहीतर छताची. इंग्रज शास्त्रज्ञ फ्लेमिंगने १९०४ साली जो पहिला केला त्याला त्याने व्हॉल्व्हच म्हटलं कारण वीज एकाच दिशेने जाते, पंपाच्या झडपेसारखी, उलटी येत नाही. नावातच काम आहे.

हडसनकाठ
काका, न्यू जर्सीत व्हॉल्व्ह म्हटलं तर प्लंबरचा नंबर देतात. ब्रिटिश व्हॉल्व्ह म्हणतात, अमेरिकन ट्यूब. फेंडर अमेरिकन, म्हणून ट्यूब. व्हॉक्स एसी३० या ब्रिटिश अँपवर लिहाल तेव्हा व्हॉल्व्ह लिहा. शिवाय झडपेचं नाव फ्लेमिंगच्या डायोडला (प्रवाह एकाच दिशेने सोडणाऱ्या ट्यूबला) शोभतं, गिटारच्या अँपमध्ये आवाज वाढवायचं काम करतात त्या ट्रायोड आणि त्याच्या पुढच्या ट्यूब, त्यात मधल्या जाळीने प्रवाह कमीजास्त होतो. झडप फार तर रेक्टिफायरला (एसीची डीसी करणाऱ्या भागाला) म्हणा, डिलक्स रिव्हर्बमध्ये तोही ट्यूबचाच असतो.

सोल्डरवाला
जाळीने प्रवाह कमीजास्त करणं म्हणजे नळाची चावी फिरवणंच की. तो पण व्हॉल्व्हच.

मिरजकर
ब्रेकअपला शब्द आपल्याकडे केव्हाचा आहे आणि तुम्ही नळावर भांडताय. जवारी. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तार नुसती टेकली तर आवाज सपाट येतो. घोडीचा माथा घासून त्याला असा उतार देतात की तार जाताजाता त्याला चाटत जाते, मग मूळ सुराबरोबर वरचे स्वर उमलतात. जवारी खुली ठेवायची की बंद ते गवयाच्या आवाजावर ठरतं, कारागीर ऐकून ऐकून घासतो. आमच्या गावात हे पिढ्यान्पिढ्या चालतं. आणि गाणाऱ्याच्या आवाजालाही आपण 'जवारीदार' म्हणतो, तिथे कुठे घोडी असते? म्हणजे शब्द वाद्यातून केव्हाच बाहेर पडलाय. तुमचा ट्यूब अँप फुटायच्या काठावर असताना जे होतं, मूळ सूर शाबूत आणि अंगाला बारीक खरखरीचं तेज, ती जवारीच. 'चार-पाचवर नेला की अँपला जवारी येते' लिहून बघा.

सहावी तार
वाचून अंगावर काटा आला. हे घेतोय.

निर्वात
थांबा, घाई नको. जवारी तारेची करामत आहे, तार घोडीला पुन्हापुन्हा लागते म्हणून वरचे स्वर उठतात. ट्यूबमध्ये विजेच्या लाटेचे माथे दबतात, तेही एकदम न छाटता गोलसर. परिणाम वेगळा. तंबोऱ्यात चार तारा एका मागोमाग छेडल्या तरी एकमेकींचं बिघडवत नाहीत. तापलेल्या अँपवर दोन तारा एकत्र वाजवा, दोघींच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे असे नवे स्वर तयार होतात जे तुम्ही वाजवलेलेच नसतात. पंचम लावला तर गोड, त्यात आणखी स्वर घाला की चिखल. म्हणून रॉकवाले दोन स्वरांचे पॉवर कॉर्ड वाजवतात. जवारी म्हटलंत तर वाचक समजेल की सगळंच गोड होतं.

जाताजाता, लेखात 'ट्यूबमुळे सम हार्मोनिक्स (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट अशा सम पटींचे वरचे स्वर) येतात म्हणून गोडवा' असलं काही छापू नका. या अँपचा शेवटचा टप्पा पुशपुल आहे, दोन ६व्ही६ आळीपाळीने काम करतात आणि त्या टप्प्यात तयार होणारे सम हार्मोनिक्स एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. गोडव्याची कारणं अनेक आहेत, त्यात स्पीकर फार मोठा.

मिरजकर
निर्वातसाहेब, शब्द कानावरून पडतात, सर्किटवरून नाही. आवाज 'गोल' असतो तेव्हा कुणी कंपास घेऊन मोजतं का.

मांडवी
मी पणजीला हॉटेलांत वाजवतो, आमच्या बँडात जुने लोक 'फुटता' म्हणतात. कोंकणीत आणि मराठीत दोन्हीकडे चालेल. मराठीत मुलगा वयात आला की आवाज फुटतो म्हणतात ना? त्यात बिघाड कुठे आहे, वाढच आहे. आणि कंठ फुटला म्हणजे तर चांगलंच. फाटणं वाईट, फुटणं चांगलं, एका अक्षराचा फरक.

हेडरूमला आम्ही दम म्हणतो. फेंडरच्याच मोठ्या ट्विन रिव्हर्बला दम जास्त, ८५ वॉट, कितीही वाढवा स्वच्छच राहतो, ड्रमवाला कितीही जोरात असला तरी. पण उचलायला दोन माणसं लागतात, जिन्यावरून तर नकोच. डिलक्सला दम बेताचा, तीच त्याची मजा, छोट्या बारमध्ये पाऊण रात्र स्वच्छ वाजवा आणि शेवटच्या गाण्यांना थोडा वर घ्या, आपोआप फुटतो. तो १९ किलोच्या आसपास, एका हाताने स्कूटरवर ठेवतो मी.

हडसनकाठ
दम फार आवडला. फक्त लेखात हे घाला की ८५ वॉट म्हणजे २२च्या चौपट जोरात असं नाही, कानाला फरक जेमतेम सहा डेसिबलचा. आणि २२ वॉट म्हणजे घरगुती असाही समज नको. ट्यूब अँपचे २२ वॉट बंद खोलीत कान बसवतात. पुण्यामुंबईच्या फ्लॅटमध्ये हा अँप फुटेपर्यंत वाढवलात तर सोसायटीची मीटिंग तुमच्यावरच भरेल. भारतात अमेरिकन मॉडेल नेणाऱ्यांनी तो १२० व्होल्टचा आहे हे विसरू नये, स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय २३०ला लावायचा नाही.

सोल्डरवाला
आणि मागून उघडायचा तर अजिबात नाही. आत ४०० व्होल्टच्या वर असतात, प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये राहतात. हे ठळक छापा, शब्दांचं नंतर बघा.

खडूफळा
वॉर्मला 'उबदार' करणार असाल तर माझा ठाम विरोध. उबदार गोधडी असते. मराठी कानाला आवाज गोल, भरीव, घुमारदार, ओलसर वाटतो, उलट बाजूला पातळ, चिरका, टोचरा, किनरा, घोगरा, कणसूर. एवढी श्रीमंती आपल्या घरात असताना इंग्रजीचं शब्दशः का उचलायचं? सस्टेनला, म्हणजे सूर टिकून राहण्याला, 'आस' आहे, तंबोऱ्याची आस म्हणतोच आपण.

घाटमाथा
सर पण माझ्यासारखी पोरं इंटरनेटवर बघून शिकल्यात, आमाला वॉर्म कळतंय, आस कळत नाही. दुकानात जाऊन 'आस जास्त असलेला अँप दाखवा' म्हटलं तर दुकानदार काय दाखवणार? अँपच्या पट्टीवर ट्रेबल, बास, रिव्हर्ब, स्पीड, इंटेन्सिटी असं इंग्रजीतच लिहिलंय. नॉबवरचा शब्द तसाच ठेवा, ऐकू काय येतं ते मराठीत सांगा.

रेवती क.
घाटमाथा, ही रेघ मला मान्य आहे. नॉब इंग्रजीत, कान मराठीत.

निर्वात
मान्य करण्याआधी एक बघा. याच अँपच्या पट्टीवर एका चॅनलला 'व्हायब्रेटो' लिहिलंय, पण आत जे होतं ते व्हायब्रेटो, म्हणजे सूर वरखाली होणं, नाहीच. निऑनचा एक इवला दिवा लुकलुकतो, समोरच्या प्रकाशाला जागणाऱ्या रेझिस्टरची रोधकता त्याबरोबर बदलते आणि आवाज लहानमोठा होत राहतो. सूर जागचा हलत नाही. याला ट्रेमोलो म्हणतात. उलट त्याच कंपनीच्या १९५४च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर जो दांडा आहे, ज्याने सूर वरखाली होतो, त्याला त्यांनी 'ट्रेमोलो' नाव दिलं. दोन्ही नावं अदलाबदल. आता नॉबवरचा शब्द तसाच ठेवायचा म्हणजे चूक तशीच ठेवायची?

मिरजकर
मग मराठीतच सोडवा. सूर हलतो ते आंदोलन, आवाज हलतो तो कंप.

खडूफळा
कंप कशाचाही असतो, सुराचासुद्धा. ग्रंथांत गमकाचे प्रकार दिलेत त्यात कंपित आहेच. आणि आंदोलन म्हटलं की दरबारीचा कोमल गंधार समोर येतो, त्याची संथ झुलण्याची स्वतःची चाल आहे. गिटारचा दांडा हिसकणं म्हणजे आंदोलन नव्हे.

रेवती क.
हळू दाबलात तर होतं की. दांडा हिसकायलाच हवा असा नियम कुठाय?

मांडवी
पेटीला पण असतो ना हा खुंटा? ओढला की आतली पट्टी हलते, वारा कमीजास्त होतो आणि आवाज थरथरतो. सूर तोच. म्हणजे डिलक्सवालाच प्रकार. त्याला पेटीवाले काय म्हणतात?

मिरजकर
आमचे पेटीवाले ट्रिमोलोच म्हणतात.

सोल्डरवाला
बघा, त्यांनी बरोबर शब्द लावला आणि कंपनीने चुकीचा. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक अँपच्या बिलावर मी 'थरथर बंद' लिहितो, दिवा गेला की थरथर जाते. थरथर घ्या.

खडूफळा
थरथर भीतीची असते.

मांडवी
थंडीची पण असते. आणि म्हाताऱ्या गायकाच्या आवाजाची पण, तिथे तुम्ही नाही म्हणणार का?