काठी, खडे आणि दुपारचं ऊन

ताई, ‘विज्ञानाची कार्यशाळा म्हणजे महागडं किट, खेड्यातल्या शाळांना ते परवडत नाही’ हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही अंगणात फक्त एक काठी रोवली, ओळंबा लावून सरळ उभी, जमिनीच्या वर बरोबर 1 मीटर उंच. पावणेबारापासून मुलं दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवत होती. सर्वांत आखूड सावली बाराच्या ठोक्याला, अशी सगळ्यांची खात्री. ती पडली साडेबाराच्या सुमारास, 82 सेंटिमीटर!

सातवीतली एक मुलगी तिथून हलेचना. “सर, घड्याळ चुकलंय काय?” घड्याळाची वेळ, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, 82.5 अंश पूर्व रेखांशाची, आपण साधारण 74.5 वर, म्हणजे 8 अंश पश्चिमेला; सूर्याला अंशाला 4 मिनिटं लागतात, म्हणजे आपल्याकडे 32 मिनिटं उशीर. हा हिशेब तिनेच फळ्यावर मांडला.

मेच्या पहिल्या आठवड्यात इथे भरदुपारी सावली पायाखालीच येते, पण तेव्हा सुट्टी. ऑगस्टात पुन्हा तो दिवस येतो, तर आमच्याकडे धो धो पाऊस.

खरी अडचण भाषेची. अशा प्रयोगांची सूचनापत्रकं आमच्याकडे कन्नड नाहीतर इंग्रजीत येतात. मी मराठीत उतरवायला घेतलीत. तुम्ही तपासून द्याल का?