वर्गमुळाखाली ऋण संख्या येतेय, ना-नफा-ना-तोट्याची किंमत निघेना

आकडेमोड_अडली (प्रश्न)

वाणिज्य शाखा, पहिलं वर्ष, बीजगणिताचा पेपर. गणित असं: एका वस्तूची किंमत प ठेवली तर महिन्याला न = ६०० − १०प इतके नग खपतात. महिन्याचा स्थिर खर्च ३२००, शिवाय प्रत्येक नगामागे १२ खर्च. काढायचंय (१) ना नफा ना तोटा होईल ती किंमत, (२) नफा जास्तीत जास्त होईल ती किंमत.

माझी मांडणी:

विक्री = प(६०० − १०प) = ६००प − १०प²
खर्च = ३२०० + १२(६०० − १०प)
नफा = ६००प − १०प² − ३२०० − ७२०० − १२०प = −१०प² + ४८०प − १०४००

नफा शून्य धरून −१० ने भागलं: प² − ४८प + १०४० = ०. विवेचक २३०४ − ४१६० = −१८५६. मग मुळंच नाहीत, म्हणजे कुठलीही किंमत लावली तरी तोटाच? उत्तरात मात्र २० आणि ५२ दिलंय. दुसऱ्या भागात विक्री सगळ्यात जास्त प = ३० ला होते म्हणून ३० लिहिलं, उत्तर ३६ आहे. पहिली चूक सापडली की दुसरी आपोआप सुटेल का?

---

कंसातलं_चिन्ह

नाही सुटणार. दोन्ही चुका वेगवेगळ्या आहेत. आधी पहिली.

खर्च वजा करताना कंसाबाहेर वजाचं चिन्ह आहे, ते आतल्या दोन्ही पदांना लागतं. −१२(६०० − १०प) म्हणजे −७२०० + १२०प. तुम्ही −१२०प लिहिलंत. पहिल्या पदाचं चिन्ह बदलायचं आणि दुसरं तसंच उतरवायचं, ही या पेपरातली सर्वात जास्त गुण खाणारी चूक असेल. तोडगा साधा आहे: खर्च आधी स्वतंत्रपणे पूर्ण सोडवून एका ओळीत लिहा (१०४०० − १२०प), आणि मगच तो अख्खा कंसात घालून वजा करा.

नफा = ६००प − १०प² − (१०४०० − १२०प) = −१०प² + ७२०प − १०४००

प² − ७२प + १०४० = ०, म्हणजे (प − २०)(प − ५२) = ०.

ताळा नफ्याच्या समीकरणात नको, मूळ माहितीत करा. समीकरणच चुकलं असेल तर त्यात घातलेली किंमत बरोबरच वाटत राहते. प = २० ला ४०० नग, विक्री ८०००, खर्च ३२०० + ४८०० = ८०००. प = ५२ ला ८० नग, विक्री ४१६०, खर्च ३२०० + ९६० = ४१६०. जुळलं.

आणि एक. ऋण विवेचक आला म्हणजे हिशेब चुकलाच असं नसतं, खरोखर तोट्यातला धंदाही असू शकतो. पण तो आला की सोडवणं थांबवून मधलीच एखादी किंमत तपासावी. प = ४० घ्या: २०० नग, विक्री ८०००, खर्च ५६००. इथे सरळसरळ २४०० नफा दिसतोय, मग मुळं नसतील कशी? चूक मांडणीत आहे हे अर्ध्या मिनिटात कळतं.

---

शिरोबिंदू

दुसऱ्या भागाचं मी सांगतो. ३० ला विक्रीची रक्कम सर्वात मोठी होते, नफा नाही. ३० वरून किंमत ३६ केली की काय होतं ते आकड्यांतच बघा.

३० ला: ३०० नग, विक्री ९०००, खर्च ६८००, नफा २२००.
३६ ला: २४० नग, विक्री ८६४०, खर्च ६०८०, नफा २५६०.

विक्री ३६० ने घटली, पण ६० नग कमी करावे लागले म्हणून खर्च ७२० ने घटला. उरले ३६०, तेवढाच नफा वाढला. नगामागचा खर्च शून्य असता तरच दोन्ही उत्तरं एक आली असती.

सूत्राने: −ब ÷ २अ = −७२० ÷ (−२०) = ३६. पण सूत्रापेक्षा हे लक्षात ठेवणं बरं: स्थिर खर्च बाजूला ठेवला तर नफा (प − १२)(६०० − १०प) एवढाच आहे. हा १२ ला शून्य होतो आणि ६० ला शून्य होतो. वक्राचा माथा दोघांच्या बरोबर मध्ये, ३६. विक्रीचा वक्र ० आणि ६० ला शून्य होतो म्हणून त्याचा माथा ३०.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि परीक्षक ती हमखास विचारतात: स्थिर खर्च ३२०० चा ५००० झाला तर किंमत किती ठेवावी? तरीही ३६. अख्खा वक्र १८०० ने खाली सरकतो, माथा डावी-उजवीकडे हलत नाही. माथ्याची उंची स्थिर खर्चाआधी २४ × २४० = ५७६० आहे. स्थिर खर्च त्याच्या वर गेला की मुळं नाहीशी होतात, आणि तो असतो खरा ऋण विवेचक.

काही जण हेच गणित नगांवर मांडतात: प = ६० − न/१०, नफा = −०.१न² + ४८न − ३२००. माथा येतो २४० वर आणि तेच "किंमत" म्हणून लिहून टाकतात. २४० हे नग आहेत. चल कशासाठी घेतलाय ते पहिल्या ओळीत लिहा, शेवटी तेच वाचून उत्तराला एकक लावा.

---

समाजशास्त्रवाली

धाग्यात घुसतेय, पण पेपर तोच आहे. लोकसंख्या वर्षाला २% ने वाढते, दुप्पट व्हायला किती वर्षं? माझं ५० येतं, उत्तर ३५. लॉग घेऊनही बघितलं, तर ३०!

---

कंसातलं_चिन्ह

५० येतं ते १०० ÷ २ केल्यामुळे. त्यात दरवर्षी मूळ संख्येवरच वाढ धरली जाते. इथे वाढीवरही वाढ आहे, म्हणून (१.०२)ⁿ = २ सोडवायचं. दोन्हीकडे लॉग घेतला की न × लॉग १.०२ = लॉग २.

३० कुठून आलं असेल तेही सांगता येतं. लॉग २ = ०.३०१०, लॉग १.०२ = ०.००८६. हा दुसरा दोन दशांश स्थळांपर्यंत घेतलात की ०.०१ होतो आणि भागाकार ३०. तीन स्थळांपर्यंत ०.००९ घेतला तर ३३. भाजक इतका लहान असताना चार स्थळं तरी हवीतच: ०.३०१० ÷ ०.००८६ = ३५. लॉग १.०२ चे लॉग १ + लॉग ०.०२ असे तुकडे मात्र कधी करू नका. तो नियम गुणाकाराचा आहे, बेरजेचा नाही.

---

आकडेमोड_अडली

२०, ५२ आणि ३६, तिन्ही आले. शेवटचा उपप्रश्न राहिलाय: "महिन्याला किमान १०० नग विकायचे आहेत आणि नफा किमान १९२० हवा, तर किंमत कोणत्या दरम्यान?" नगांच्या अटीवरून मला प ≥ ५० आलं, नफ्याच्या अटीवरून प ≤ ४४. दोन्ही एकदम कसं शक्य आहे?

---

शिरोबिंदू

दोन्हीकडे एकेक पायरी निसटली. ६०० − १०प ≥ १०० वरून −१०प ≥ −५००. −१० ने भागताना चिन्ह उलटतं: प ≤ ५०. डोक्यातही पडताळता येतं, किंमत वाढली की नग कमी होतात, म्हणून "किमान नग" ही अट किमतीला वरूनच अडवणार.

नफ्यासाठी पूर्ण वर्ग करा: −१०(प − ३६)² + २५६० ≥ १९२०, म्हणून (प − ३६)² ≤ ६४. इथे प − ३६ ≤ ८ एवढंच लिहून तुम्ही थांबलात. वर्ग आहे, तेव्हा −८ ≤ प − ३६ ≤ ८, म्हणजे २८ ≤ प ≤ ४४. हे सगळं ५० च्या आतच बसतं, त्यामुळे उत्तर २८ ते ४४. नगांची अट इथे काही कापत नाही, पण तसं एका ओळीत लिहा. नाहीतर ती अट बघितलीच नाही असं समजून गुण कापतात. टोकं तपासा: २८ ला ३२० नग, १६ × ३२० − ३२०० = १९२०. ४४ ला १६० नग, ३२ × १६० − ३२०० = १९२०.